भिंत का घालत नाहीत?

किनाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतो. मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. तो गोल्फ खेळतो. एका रविवारी त्यानं आम्हाला गाडीनं माँट्रोझला नेलं. तिथं समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानाच्या एका बाजूला हिरवळ एकदम संपते आणि खाली सरळ वाळूचा कडा. काठाला दोरी बांधलेली. मुलगा म्हणाला, दरवर्षी हा कडा आत येतोय. साडेचारशे वर्षांचं मैदान डोळ्यांदेखत समुद्रात चाललंय आणि कोणी एक भिंत घालत नाही? दापोली तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावातसुद्धा धूपप्रतिबंधक बंधारा झाला. एवढ्या श्रीमंत देशाला हे जमू नये?
— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड, पुणे

उत्तर : काका, नमस्कार. तुम्ही ज्या कड्यापाशी उभे राहिलात, तिथून मी कितीतरी वेळा चालले आहे. हातात उंच काठी आणि काठीच्या टोकाला जीपीएसची तबकडी. स्कॉटलंडमध्ये डंडीला होते तेव्हा अँगसच्या, म्हणजे माँट्रोझ ज्या परगण्यात आहे त्याच्या, किनाऱ्याची मोजणी हा माझ्या कामाचा भाग होता. वाळूची टेकडी जिथं तुटते, त्या कडेकडेनं जपून चालत जायचं आणि घरी येऊन ती रेषा मागच्या वर्षीच्या रेषेवर ठेवून बघायची. खूण म्हणून शरदात मारलेली लाकडी खुंटी मार्चमध्ये शोधत फिरायचे. बऱ्याच वेळानं लक्षात यायचं की खुंटी होती ती जमीनच आता राहिलेली नाही.

तुमचं पत्र वाचताना तो कडा पुन्हा डोळ्यांपुढे आला. वर गवताचा जाड थर, खालचा आधार गेल्यामुळं ओल्या घोंगडीसारखा लोंबणारा. त्याखाली वाळूत वाढणाऱ्या मॅरम गवताची लांब मुळं उघडी पडलेली, सुतळीचा गुंता सुटावा तशी. आणि पिवळ्या वाळूत मधेच एक बोटभर जाडीचा काळपट पट्टा. तो पट्टा म्हणजे जुनी जमीन. कधीतरी तिथं गवत धरलं होतं, मग वारा आला, त्यावर पुन्हा वाळू बसली. या किनाऱ्याचा हिशेब त्या पट्ट्यात लिहिलेला असतो. तो दिसला की माझे पाय तिथंच थांबायचे.

मैदान जुनं आहे हे खरंच, आणि किती जुनं हे एका शाळकरी मुलामुळं कळतं. जेम्स मेलव्हिल हा पुढं धर्मोपदेशक झाला आणि त्यानं रोजनिशी लिहिली. लहानपणी तो माँट्रोझजवळच्या लोगी गावच्या शाळेत होता. तिथं गुरुजींनी आपल्याला तिरंदाजी, कुस्ती, पळणं, उड्या मारणं यांच्याबरोबर गोल्फची काठी धरायलाही शिकवलं, असं तो लिहितो. ही आठवण १५६२च्या सुमाराची, म्हणून आता माँट्रोझच्या त्या मैदानाचं नावच ‘१५६२ कोर्स’ आहे. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १४५७ साली, स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती. पोरं तिरंदाजीचा सराव सोडून हेच खेळत बसतात, ही तक्रार! जगातल्या सगळ्यात जुन्या गोल्फ मैदानांत माँट्रोझचा क्रमांक पाचवा लावतात.

आता भिंतीचं. त्याआधी ‘लिंक्स’ म्हणजे काय ते बघू, कारण उत्तर तिथंच आहे. गोल्फच्या मैदानाला इंग्रजीत लिंक्स म्हणतात असा समज आहे, पण हा शब्द मुळात जमिनीचा आहे. किनाऱ्यालगतची उंचसखल, वाळूची, गवताळ जमीन म्हणजे लिंक्स. नांगर चालत नाही म्हणून शेतीला निरुपयोगी, पाणी झटकन मुरतं म्हणून चिखल नाही, मेंढ्या आणि ससे चरतात म्हणून गवत आखूड. तिथं लोक खेळायला लागले. माणसानं टेकड्या रचून हे मैदान बनवलेलं नाही. वाऱ्यानं आणलेल्या वाळूवर खेळ जाऊन बसला. म्हणजे माँट्रोझला मैदान एकीकडं आणि समुद्र दुसरीकडं असं नाहीच. मैदान हा पुळणीचाच मागचा भाग आहे.

पुळण आणि तिच्या मागची वाळूची टेकडी यांचं नातं आपल्याकडच्या कणगीसारखं आहे. हिवाळ्यातलं वादळ टेकडीचा पाया खातं, वाळू ओढून थोडी समुद्रात नेतं आणि पाण्याखाली तिचा बांध घालून ठेवतं. त्या बांधावर लाटा आधीच फुटतात, म्हणून किनारा वाचतो. उन्हाळ्यात लाटा मंद झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते, वारा ती मागं उडवतो, मॅरम गवत ती धरतं, टेकडी पुन्हा भरते. कणगीतून काढलं, खाल्लं, सुगीला परत भरलं. तुम्ही भिंत घातलीत की कणगीला कुलूप लागलं. वादळ यायचं ते येतंच. टेकडीतून वाळू मिळत नाही, मग ते भिंतीपुढची पुळण खातं. वर लाट भिंतीवर आपटून मागं फिरते ती पायाशी खणत जाते. काही वर्षांनी भिंत असते, पुळण नसते.

आणि भिंतीला टोक असतं, काका. ही गोष्ट नकाशावर कळत नाही, टोकापाशी उभं राहिलं की कळते. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. आमच्या वाडीपुढं दगडी बंधारा झाला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. मग दोन पावसाळ्यांत बंधारा संपतो तिथून पलीकडच्या वाडीची सुरूची झाडं एकेक करून आडवी झाली. पलीकडच्या वाडीतल्या काकू मला म्हणाल्या, “तुमचं वाचलं गो, आमचं गेलं.” हे वाक्य मी डंडीच्या बैठकांमध्ये इंग्रजीत सांगितलेलं आहे. तिथल्या मंडळींना ते लगेच कळलं, कारण माँट्रोझमध्येही दक्षिणेकडच्या टोकाला मोठमोठ्या दगडांचं संरक्षण आहे. दगड जिथं संपतात तिथून पुढं मऊ वाळू एकटी उघडी पडते. दगड आणखी शंभर मीटर वाढवा, टोक शंभर मीटर पुढं जातं. शेवटी प्रश्न असा येतो की टोक कोणाच्या दारात न्यायचं. माँट्रोझच्या उपसागरात उत्तरेला सेंट सायरसचं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, त्यालाही हीच वाळू लागते.

मग तिथं झालंय काय? डंडी विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात दिसलं की ३० वर्षांत समुद्र काही ठिकाणी ७० मीटर आत आला. ७० मीटर म्हणजे तुमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, आणि वर थोडं. एकाच वादळात काही मीटर जातात, मग वर्षभर काहीच होत नाही, म्हणून लोकांना वाटतं थांबलं. तुमचा मुलगा ‘दरवर्षी’ म्हणाला ते सरासरीनं खरं आहे, पण प्रत्यक्षात हे दमादमानं होतं. या किनाऱ्याला त्रास पूर्वेच्या वाऱ्याचा. स्कॉटलंडवर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा माँट्रोझ आडोशाला असतं. तो फिरून पूर्वेकडून आला आणि त्यातच उधाणाची भरती सापडली की टेकडीचा पाया जातो. ऑक्टोबर २०२३मधलं ‘बाबेट’ वादळ तसं होतं. त्यात साउथ एस्क नदी बांध ओलांडून आली आणि जवळच्या ब्रेकिन गावाचा काही भाग पाण्याखाली गेला.

आणखी एक कारण आहे आणि त्यावर गावात बरीच वादावादी आहे. साउथ एस्क माँट्रोझमध्येच समुद्राला मिळते आणि तिच्या मुखात बंदर आहे. जहाजांसाठी मुखातली वाळू नेहमी उपसावी लागते. ती उपसून दूर समुद्रात टाकायची, ही रीत. धूप किती उपशामुळं आणि किती समुद्र चढल्यामुळं यावर दोन बाजू आहेत. माझं मत मी लपवत नाही. एका हातानं वाळू काढून लांब टाकायची आणि दुसऱ्या हातानं किनाऱ्याला वाळू पुरत नाही म्हणून हळहळायचं, हे मला पटत नाही. उपसलेली चांगली वाळू परत पुळणीवर आणून टाकणं हा उपाय भिंतीपेक्षा कितीतरी बरा. तो एकदाचा नाही, पुन्हा पुन्हा करावा लागतो, हे कबूल. पण कणगी भरायची तर ती दर सुगीला भरावीच लागते.

दरम्यान मैदानवाल्यांनी काही टी, म्हणजे पहिला फटका मारण्याचे ओटे, आत सरकवले. जिथं मागं जागा आहे तिथं सरकता येतं. जिथं मागं रस्ता, घरं, कारखाना आहे तिथं नाही. माँट्रोझची खरी अडचण ही आहे. समुद्र पुढून येतोय आणि मागं गाव उभं आहे.

तुमच्या दापोलीच्या बंधाऱ्याबद्दल एक विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जा. ओहोटीला बंधाऱ्यापुढं किती पुळण उरते ते पावलांनी मोजा आणि आकडा मला कळवा.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरीला बीएस्सीला आहे, भूगर्भशास्त्र घेतलं आहे. हिमयुगानंतर स्कॉटलंडची जमीन वर येत आहे असं आम्हाला शिकवलं. जमीन वर येत असेल तर समुद्र आत कसा येतो?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : छान प्रश्न, आणि शिकवलंय ते बरोबर आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी स्कॉटलंडवर बर्फाचा प्रचंड थर होता. त्या वजनानं जमीन खाली दबली. बर्फ गेल्यावर ती हळूहळू वर यायला लागली, आणि अजून येते आहे. गादीवरून उठल्यावर गादी फुगते तसं, फक्त इथं हजारो वर्षं लागतात. मधल्या काळात, साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा वर होता. तो उतरत गेला तशी त्याच्या तळाची वाळू उघडी पडली आणि वाऱ्यानं ती रचली. आजच्या लिंक्स बहुतेक अशाच जागी आहेत. म्हणजे जमीन वर आली म्हणून तर ही मैदानं झाली.

आता हिशेब उलटला आहे. जमीन वर्षाला फार तर एखादा मिलिमीटर वर येते, समुद्र त्याहून वेगानं चढतो. पण मिलिमीटरच्या या भांडणाइतकंच वाळूचं येणंजाणं महत्त्वाचं आहे. हिमनद्यांनी जाताना समुद्राच्या तळाशी वाळू आणि गोट्यांचे ढीग टाकले होते. हजारो वर्षं लाटा ते किनाऱ्याला आणून देत होत्या. तो साठा आता बराचसा संपत आला आहे. वडिलोपार्जित पुंजी संपल्यावर घर चालवताना जे होतं, ते तिथं चाललं आहे.

‘डायनॅमिक कोस्ट’ नावाचा अभ्यास तू जरूर वाच. ग्लासगो विद्यापीठाच्या मंडळींनी स्कॉटलंडच्या जुन्या नकाशांवरच्या भरतीरेषा आताच्या रेषांवर ठेवून सगळा किनारा तपासला. पहिला अहवाल २०१७चा, दुसरा २०२१चा. स्कॉटलंडचा किनारा बहुतेक खडकाळ. मऊ, म्हणजे वाळू-मातीचा भाग फक्त १९ टक्के. दुसऱ्या अहवालानुसार त्या मऊ भागापैकी ४६ टक्के किनारा झिजतो आहे, सरासरी वर्षाला ०.४३ मीटर. १९ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण लोक, रस्ते, गोल्फची मैदानं, सगळं मऊ भागावरच येऊन बसलेलं असतं. खडकावर कोण राहतं?

तुझ्या घरापासून भाट्याची पुळण जवळ असेल तर एक काम कर. न हलणारी खूण निवड, जुना दगड किंवा एखादी भिंत. तिथून झाडोऱ्याच्या समुद्राकडच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोज. महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच तिथीला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, पण उधाण असताना एकटी जाऊ नकोस. दोन वर्षं हे केलंस तर तुझ्या वहीत असं काही असेल जे तुझ्या प्राध्यापकांकडंही नसेल.

प्रश्न : तुमच्या सदरात मागच्या महिन्यात गोल्फच्या मैदानाचा ओझरता उल्लेख वाचला. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. किनाऱ्यावरच्या कोळ्यांची घरं जातायत, तिथं श्रीमंतांच्या खेळाचं मैदान गेलं तर आपण का वाईट वाटून घ्यायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : राग कशाला? घर आणि मैदान यांत आधी घरच. तुम्ही आपल्याकडची मैदानं बघून लिहिलंय. कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत चार गाड्या. ते बघून मलाही तसंच वाटायचं. स्कॉटलंडला गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझी चूक कळली.

सेंट अँड्रूजचं उदाहरण घ्या. जगभर नाव असलेलं ते ‘ओल्ड कोर्स’ नगरपरिषदेच्या मालकीच्या जमिनीवर आहे आणि १९७४च्या कायद्यानुसार एक विश्वस्त संस्था ते सांभाळते. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपनं सनद लिहून दिली. ससे पाळण्याचा हक्क त्याचा, पण गोल्फ, फुटबॉल आणि बाकी खेळ खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा. १७९७ साली गाव कर्जात बुडालं आणि ती जमीन विकली गेली, पुढं तिच्यावर सशांची शेती सुरू झाली. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १८२१ साली एका स्थानिक जमीनदारानं ती जागा घेतली आणि खेळ वाचला. मधून वाहणाऱ्या स्विल्कन ओढ्यात बायका कपडे धुवून गवतावर वाळत घालायच्या. आजही रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत त्यावरून फिरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजीबाई जाळीच्या पिशवीतून भाजी घेऊन अठराव्या होलच्या बाजूनं घरी चालल्या होत्या. मी थबकले, त्या म्हणाल्या, या ना, वाट आहे. आपल्याकडच्या गावच्या गायरानासारखं हे आहे. गायरान गेलं तर फक्त गुराख्याचं जातं असं आपण म्हणत नाही.

माँट्रोझचंही तसंच. तिथल्या लिंक्स गावाच्या आहेत. सुतार, मच्छीमार, शाळामास्तर खेळत आले. माझ्या ओळखीचे एक गवंडी बुधवारी काम लवकर आटपून नऊ होल खेळायचे आणि मग मासे-चिप्स घेऊन घरी जायचे. तेव्हा श्रीमंतांचं मैदान हा शब्द निदान तिथल्यापुरता मागं घ्या, अशी विनंती.

वाचवण्याचं कामही गावच करतं, ते सांगून थांबते. सेंट अँड्रूजला वेस्ट सँड्स ही लांब पुळण आहे. २०१०च्या वसंतात वादळानं तिची टेकडी ठिकठिकाणी फोडली. तिथं भिंत नाही घातली. पुळणीच्या उत्तर टोकाला वाळू साचते, ती आणून फुटलेल्या जागी टाकली, लाकडी पट्ट्यांची कुंपणं उभी केली आणि मॅरम लावलं. एका थंड सकाळी मीही त्यात होते. मॅरमच्या दोन-तीन काड्या एकत्र धरायच्या, फावड्यानं चीर पाडून वीतभर खोल घालायच्या आणि टाचेनं दाबायचं. वरवर लावलं तर वारा रात्रीत उपटून टाकतो. आपली मर्यादवेल पसरून वाळू धरते, मॅरम मात्र गाडलं गेलं की वर येतं. जितकी वाळू अंगावर पडेल तितकं जोमानं. पान हातात घेतलंत तर आतल्या बाजूला नळीसारखं वळलेलं असतं, ओल टिकावी म्हणून, आणि टोक चांगलंच टोचतं.

माझ्या शेजारच्या रांगेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, शाळेबरोबर आलेली. तिचे हातमोजे ओले झाले होते म्हणून तिनं ते काढून खिशात कोंबले होते. बोटं लाल झाली होती तरी रांग पुरी झाल्याशिवाय ती उठली नाही. पुढच्या वर्षी मी त्या जागी गेले तेव्हा कुंपणाच्या पट्ट्या जेमतेम चार बोटं वर दिसत होत्या. त्यांचा बाकीचा भाग वाळूत गाडला गेला होता, आणि मॅरम त्या वाळूतून वर आलं होतं.